सव्वाचारचा फोन

मंगळवारी चार वाजून दोन मिनिटांनी बस सिग्नलला अडकली, आणि खिडकीतून तिला क्रमांक एकतीस रस्त्याने चालत जाताना दिसला. खरं तर तो तिथे असायला नको होता. त्याने या वेळी आपल्या घरी, फोनच्या जवळ असायला हवं होतं, कारण बरोबर तेरा मिनिटांनी ती त्याला फोन करणार होती. गेले नऊ मंगळवार ती सव्वाचारला फोन करत होती आणि गेले नऊ मंगळवार तो घरीच होता. पण हा तोच होता. पांढरे केस मागे वळवलेले, इस्त्रीचा शर्ट, खांदे किंचित पुढे आलेले, आयुष्यभर मशीनवर वाकून कपडे शिवणाऱ्याचे असतात तसे. आणि कमरेच्या पट्ट्याला तिने स्वतःच्या हाताने अडकवून दिलेलं पावलं मोजायचं छोटं काळं यंत्र. तो भराभर चालत होता. एकदा मनगट वर करून त्याने घड्याळ पाहिलं, फुटपाथवर आडव्या लावलेल्या सायकलीला शिताफीने वळसा घातला आणि कोपऱ्यावरून आत वळला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस, वय अडुसष्ट, पहिल्या भेटीत दवाखान्याच्या जिन्याच्या चार पायऱ्यांवर दोनदा थांबलेला. आज फोन चुकणार, ती मनात म्हणाली, आणि फोन चुकण्याचं आपल्याला एवढं वाईट का वाटावं हे तिला कळलं नाही.

ऑफिस म्हणजे रुग्णालयाच्या मागच्या इमारतीतली एक अरुंद खोली. पूर्वी तिथे चादरी ठेवत असत, म्हणून भिंतीला अजून साबणाचा वास. ती धापा टाकत नव्हती, कारण ती बसच्या थांब्यापासून सावकाश, लिफ्टने आली होती. इतरांना चालवायचा अभ्यास करणारी ही बाई स्वतः दोन थांब्यांसाठी बस धरते, यावर तिची आई रोज एक तरी टोमणा मारायची. सव्वाचारला तिने स्टॉपवॉच दाबलं, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि नंबर फिरवला. दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला. "हॅलो, सिस्टर? बोला." तोच आवाज, शांत, घडी घातल्यासारखा. मागे नेहमीसारखा मिक्सरचा घर्रर्र आवाज. त्याची सून रोज याच वेळी मिक्सर का लावते, असं तिला दुसऱ्या आठवड्यापासून वाटत आलं होतं. म्हणजे तो घरी होता. मग रस्त्यावर कोण होतं? विचारायची सोय नव्हती. तिच्यासमोरच्या कागदावर जेवढं लिहिलं होतं तेवढंच तिला बोलता येत होतं: आपण कसे आहात, मागच्या आठवड्यात औषधांत काही बदल झाला का, झोप कशी आहे, यंत्राची बॅटरी ठीक आहे ना. सहा मिनिटं. सहा म्हणजे सहा.

कारण क्रमांक एकतीस हा तुलनेच्या गटातला होता. वीस वर्षं वॉर्डात काढल्यावर चाळिशी उलटून ती पुन्हा शिकायला बसली होती, आणि तिच्या प्रबंधाचा विषय एका ओळीत सांगायचा तर असा होता की, माणसाला चालायला काय सांगितलं म्हणजे तो खरंच चालतो. झटका येऊन घरी गेलेले चौसष्ट रोगी तिने गोळा केले. नेहमीचं पत्रक, नेहमीचा सल्ला सगळ्यांनाच मिळाला होता. मग चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना दर मंगळवारी फोनवर प्रोत्साहन: तुमचं या आठवड्याचं ध्येय काय, अडचण कुठे येते, मागच्या वेळी कसं जमलं होतं. ही वाक्यं तिने दोन वर्षं घासूनपुसून तयार केली होती. उरलेल्या अर्ध्यांनाही फोन, तेवढीच मिनिटं, पण चालण्याबद्दल अवाक्षर नाही. फरक पडला तर तो वाक्यांनी पडला की नुसत्या फोनने, हे कळायला नको? तेव्हा तुलनेच्या गटातल्या कुणी "सिस्टर, मी थोडं चालू का?" असं विचारलं, की तिने म्हणायचं, "त्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा." हे म्हणणं पहिल्या महिन्यात तिला जड जायचं. आजाऱ्याला धीर न देणं हे नर्सला शिकवलेलंच नसतं. पुढे सवय झाली. सवय कशाचीही होते.

आठ आठवड्यांचे यंत्रांमधले आकडे त्या गुरुवारी संगणकावर चढले, आणि पडद्यावर प्रत्येक रोग्याची एकेक रेघ उमटली. तुलनेच्या गटाच्या रेघा आडव्या पडल्या होत्या, दुपारच्या वॉर्डात पेशंट पडलेले असतात तशा. त्यातून एकच रेघ उठून बसली होती. पहिल्या आठवड्यात रोजची अठराशे पावलं, आठव्यात पाच हजारांच्या वर. प्रोत्साहनाच्या गटातही इतकं कुणी चाललं नव्हतं. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ ती रेघ पाहिली. मॅडम बोलायला तिखट, पण माणूस सरळ. "एकतीस," त्या म्हणाल्या, "तू याच्याशी काय बोललीस?" काही नाही, ती म्हणाली. जेवढं कागदावर आहे तेवढंच. "मग याला देव येऊन सांगून गेला का? रेकॉर्डिंग आहे ना? ऐक. सगळे फोन ऐक. काही सापडलं तर त्याला काढावा लागेल, हे तुला माहीत आहे." तिला माहीत होतं. प्रत्येक गटात कमीत कमी तीस रोगी लागणार होते. तुलनेच्या गटातले दोन आधीच गळले होते, एक मुलीकडे दुसऱ्या गावी गेला, एकाने यंत्र कपड्यांबरोबर धुतलं. राहिले बरोबर तीस. एकतीसला काढलं की एकोणतीस, आणि मग पुन्हा रोगी शोधा, पुन्हा संमतिपत्रं, पुन्हा बारा मंगळवार. सहा महिने सहज. प्रबंध संपवून तिला ज्या जागेवर घेणार होते ती जागा तोवर कोण मोकळी ठेवतंय?

शनिवारी दुपारी खोलीचं दार लावून तिने कानाला हेडफोन लावले. स्वतःचा आवाज ऐकणं ही एक शिक्षाच असते. हा इतका गोड, इतका रिकामा आवाज आपला? वॉर्डात वीस वर्षं लोकांनी हाच ऐकला? पहिल्या मंगळवारच्या फोनवर रिंग वाजतच राहिली, तिने मोजल्या, चौदा. मग उचलल्याचा आवाज, आणि नंतर नुसता श्वास. आत जाणारा, अडकणारा, शिट्टीसारखा बाहेर येणारा. "बो-ला, सिस्टर." तिला आठवलं, त्या दिवशी तिला वाटलं होतं की हा माणूस पलंगावरून फोनपर्यंत येतानाच दमला. तिसऱ्या मंगळवारी तिने तीनदा फोन लावला तेव्हा कुठे तो मिळाला, आणि श्वास तर असा की तिने हातातला कागद बाजूला ठेवून विचारलं होतं, "काका, बसला आहात ना तुम्ही?" हे कागदावर नव्हतं, पण हे काही प्रोत्साहन नव्हे. पाचव्यापासून रिंगा कमी झाल्या. सातव्यापर्यंत श्वास ऐकूच येईनासा झाला. ती एखाद्या गुन्ह्याचा माग काढावा तशी आपलीच वाक्यं तपासत होती. 'छान' म्हणाली का? 'वा' म्हणाली का? कुठे हसली का? नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चोरी तरी सापडायला हवी. आणि मग चौथा फोन पुन्हा ऐकताना तिला ते सापडलं. प्रत्येक रोग्याला शेवटी एकच वाक्य म्हणायचं होतं: पुढच्या मंगळवारी याच वेळी फोन करीन. एकतीसला ते म्हणून झाल्यावर तिचा आवाज थोडा खाली उतरत होता आणि तीन शब्द जास्तीचे येत होते. "तुम्ही असाल ना?" पहिल्या फोनच्या चौदा रिंगांची धास्ती असावी. पहिल्या मंगळवारी ती तसं म्हणाली, आणि मग दर मंगळवारी म्हणत राहिली, तिच्या स्वतःच्या कानाला पत्ता न लागता. आणि दर वेळी पलीकडून उत्तर होतं: "असेन ना. असेन."

हे तीन शब्द तिच्या आईचे होते. ती शाळेत असल्यापासून आई कुठेही निघाली की दारात चप्पल घालताना विचारायची, मी येईपर्यंत असशील ना? त्या प्रश्नात धाक नव्हता, सूचना नव्हती. परत आल्यावर कुणीतरी असावं एवढंच होतं. आणि हे आठवल्याबरोबर तिला बाबा आठवले, कारण बाबांना तिने हे कधीच विचारलं नव्हतं. बाबांना झटका आला तेव्हा ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. रोज संध्याकाळी सातला फोन. "चाललात का आज, बाबा? किती? कालच्यापेक्षा जास्त? असं कसं चालेल, मी नर्स आहे, मला माहीत आहे ना." चांगले महागातले बूट पाठवले. कोष्टक करून पाठवलं. बाबा रोज म्हणायचे, "हो, हो. आत्ताच आलो बघ चालून." सात महिने रोज. आणि मग दुसरा झटका. त्या सात महिन्यांत बाबा खरंच चालत होते की नव्हते हे तिने कधी कुणाला विचारलं नाही, पण प्रबंधाचा विषय निवडताना मॅडमनी 'हाच का?' म्हटल्यावर तिने ज्ञानाची पोकळी वगैरे जे सांगितलं होतं, ते सगळं या एका न विचारलेल्या प्रश्नावर घातलेलं पांघरूण होतं.

त्या संध्याकाळी आई गॅलरीत कपडे काढत होती. ती मागे जाऊन उभी राहिली आणि अकरा वर्षांनी तिने विचारलं. आईने एक चिमटा दातात धरला होता. तो काढून तिने दोरीला लावला, मग पुन्हा काढला. "नाही गं," आई म्हणाली. "चालायचे कुठले. पण सात वाजत आले की बूट घालायचे. नाडीबिडी बांधून खुर्चीत बसायचे फोनपाशी. मी म्हटलं, हे काय सोंग? तर म्हणाले, पोरगी विचारते, अगदीच खोटं बोलवत नाही. बूट घातलेत एवढं तरी खरं." मग तू मला सांगितलं का नाहीस, तिने विचारलं. आई म्हणाली, "सांगून काय झालं असतं? तू दोनदा फोन केला असतास. आणि खरं सांगू, तेवढी पाच मिनिटं ते खूश असायचे. दुपारपासून घड्याळ बघायचे." तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आधी हसूच आलं. बाबा खुर्चीत, पायांत पांढरेशुभ्र बूट, तळव्यांना मातीचा कण नाही. आईही हसली. मग आईने तिच्या हातात घड्या घालायला टॉवेल दिला.

चावी करून घ्यायचं निमित्त काढून सोमवारी ती त्या सिग्नलला उतरली. निमित्त अगदीच निमित्त नव्हतं. चौथ्या फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये मिक्सरचा आवाज थांबल्यावर मागून कुणीतरी म्हणालं होतं, "दोन चाव्या, पंधरा मिनिटं लागतील," आणि कुणाच्याही सुनेच्या स्वयंपाकघरात चाव्या करून मिळत नाहीत. कोपऱ्यावरून आत वळलं की तिसरं दुकान. काउंटरवर चावीवाला एक पितळी पट्टी फिरत्या चाकाला लावून घासत होता, आणि घर्रर्र असा तो आवाज ऐकून तिने डोळेच मिटले. हा आवाज तिला दहा आठवडे पाठ होता. दुकानावर नवी पाटी होती, पण तिच्या वर जुनी पाटी तशीच राहिली होती, रंग उडालेला, एक कात्री, एक सुईदोरा, 'कपडे शिवून मिळतील', आणि खाली फोन नंबर. दर मंगळवारी ती जो फिरवत होती तोच. तिने खोलीची चावी काढून दिली. चावीवाला बोलका होता, त्याला विचारावंही लागलं नाही. तिची नजर कोपऱ्यातल्या जुन्या फोनवर गेलेली पाहून तो म्हणाला, "तो आमच्या काकांचा. दुकान मला दिलं ना त्यांनी, त्याबरोबर फोनपण आला. चाळीस वर्षं हाच नंबर. हॉस्पिटलात फॉर्म भरताना घरचा नंबर विचारला, तर सवयीने हाच सांगून बसले. मी म्हटलं, काका, बदलून घ्या की. घरी सुनेचा मोबाइल आहे. तर म्हणतात, सिस्टरने शाईने लिहून घेतलाय, आता त्यांना खाडाखोड करायला लावायची का?" मग तो पट्टी फिरवत पुढे बोलत राहिला. पहिल्यांदा काका बसने आले, बस अडकली, आणि कोपऱ्यापासून पळत आले तर फोन वाजत होता. पुन्हा एकदा तसंच झालं. त्या दिवशी म्हणाले, बसचा भरवसा नाही, पायांचा धरायला हवा. तेव्हापासून चालत. "आणि नुसता मंगळवार नाही हो ताई. बाकीचे दिवस तालीम. पहिल्यांदा अर्ध्यापर्यंत, मग पाऊण रस्ता. कारण काय, तर फोनवर धाप ऐकू आली तर सिस्टरला वाटेल माणूस आजारीच आहे, आणि अभ्यासातून काढून टाकतील."

तिने चावी घेतली. ती चावी तिच्या खोलीच्या कुलुपाला नंतर कधी नीट लागली नाही, पण तिने ती टाकलीही नाही. तिथून एकतीसच्या फॉर्मवरच्या पत्त्यापर्यंत ती चालत गेली, का ते न ठरवता. एक शाळेची भिंत, एक पेट्रोल पंप, सपाट रस्ता, मग एक चढ. चढावर तिला दम लागला आणि ती एका बंद दुकानाच्या पायरीला टेकली. ही पायरी गुळगुळीत होती. इथे तोही टेकला असेल, पहिले काही आठवडे, ती मनात म्हणाली. घड्याळ बघत, छातीवर हात ठेवून, तीन शब्दांना दिलेला शब्द पाळायला. चौसष्ट माणसांसाठी तिने वाक्यं घडवली होती, तज्ज्ञांना दाखवली होती, एकेका शब्दावर चर्चा झाल्या होत्या. काखेत कळसा नि गावाला वळसा. आणि तिला आनंद झाला होता, आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम. कारण उद्या अकरावा मंगळवार होता, त्यापुढे बारावा, आणि बाराव्यानंतर तो फोन वाजणार नव्हता. फोन नाही तर चालायचं कशाला? आणि चालणं नाही तर? वॉर्डात वीस वर्षं काढलेल्या बाईला त्या प्रश्नाचं उत्तर वाचून बघावं लागत नाही.

अकराव्या मंगळवारी तिला सगळं दिसत होतं. साबणाच्या वासाच्या खोलीत बसून तिने डोळे मिटले आणि रिंग गेली, तेव्हा तिला स्टुलावर टेकलेला तो दिसला, रुमालाने मान पुसणारा. पहिली रिंग तो वाजू देतो, लगेच उचलणं बरं दिसत नाही म्हणून. दुसरीला हात पुढे होतो. झोप ठीक आहे, औषधं तीच आहेत, बॅटरी चांगली आहे. चावीवाल्याने चाक थांबवलं, हेही तिला आता ऐकू आलं. काकांचा फोन चालू असला की तो गिऱ्हाईक थांबवून ठेवत असणार. मॅडमनी गुरुवारीच बजावलं होतं, यापुढे कागदाबाहेर एक अक्षर नाही. "पुढच्या मंगळवारी याच वेळी फोन करीन," ती म्हणाली आणि तिथेच थांबली. दात ओठांवर दाबून थांबली. फोन मात्र पलीकडून ठेवला गेला नाही.

"हॅलो? सिस्टर?"

"बोला, काका."

"नाही, काही नाही. असेन मी."

न विचारलेल्या प्रश्नाला मिळालेलं ते उत्तर रेकॉर्डिंगमध्ये अजून आहे. रात्री जेवताना तिने आईला ते सांगितलं, आणि आई म्हणाली, मग त्याला काढणार का तू? ती म्हणाली, नियम आहे. आई म्हणाली, नियम तर आहेच, मी काही म्हटलं का.

मॅडमना तिने सगळं सांगितलं, जुनी पाटी, चावीवाला, तीन शब्द. मॅडम ऐकत असताना एकदाही चष्मा कपाळावर गेला नाही. शेवटी त्या म्हणाल्या की अहवाल तुझा आहे, सही तुझी आहे. जास्तीचे तीन शब्द म्हणजे प्रोत्साहन होतं की साधं सौजन्य, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल, आणि मी तुझ्या विरुद्ध भांडणार नाही. ही मॅडमनी उघडून दिलेली खिडकी होती. ती दोन दिवस त्या खिडकीपाशी उभी राहिली. बाबांच्या बुटांना ती सात महिने चालणं समजत होती. आता ज्याचं चालणं खरं होतं, त्याला आपल्या सोयीसाठी 'काहीही न मिळालेला' असं लिहायचं? त्याला तर काहीतरी मिळालं होतं. तिने क्रमांक एकतीस वगळल्याचं पत्र लिहिलं, कारणाच्या जागी स्वतःची चूक लिहिली, आणि सही करताना तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं.

बाराव्या मंगळवारी तिने समारोपाचा मजकूर वाचला, आणि शुक्रवारी तो यंत्र परत करायला आला. जिना चढून, न थांबता. यंत्र त्याने कापडाच्या छोट्या पिशवीत आणलं होतं, हाताने शिवलेल्या, नाडी घातलेल्या. शेवटची प्रश्नावली त्याने सावकाश भरली. 'मी चालतो, कारण' याखाली दहा कारणं छापली होती, आरोग्य सुधारावं म्हणून, कुटुंबीय सांगतात म्हणून, आनंद मिळतो म्हणून. त्याने प्रत्येकाला विचार करून थोडे थोडे गुण दिले, कुणाला दुखवू नये अशा बेताने. सगळ्यात शेवटी 'इतर' समोर रिकामी ओळ होती. तिथे त्याने शिंप्याच्या बारीक अक्षरात लिहिलं: सव्वाचारला पोचायचं असतं.

तिने कागद उलटा ठेवला. मग म्हणाली, "काका, तुमचे आकडे मला अभ्यासात धरता येणार नाहीत."

त्याचा हात पटकन छातीवर गेला, शर्टाचं बटण लावल्यासारखा. "माझं काही चुकलं का?"

"नाही. माझं चुकलं."

मग चालायचं बंद करू का, असं त्याने विचारलं, आणि बारा आठवड्यांत पहिल्यांदा तिला त्याचं उत्तर द्यायची मोकळीक होती. दोन वर्षं घासलेली सगळी वाक्यं तिच्याजवळ होती. ध्येय, अडचणी, छोटी छोटी पावलं. त्यातलं एकही तोंडातून येईना. "नाही, काका. बंद नका करू. चाला," ती म्हणाली, आणि तिला स्वतःला ऐकू आलं, हा तोच आवाज आहे, संध्याकाळी सातचा. त्याने मान हलवली. "हो, हो," तो म्हणाला. नमस्कार करून तो निघाला, आणि ती रिकामी पिशवी त्याने टेबलावरच ठेवली, तुम्हाला असू दे म्हणाला. पण तिच्या कानात ते 'हो, हो' बसलं. ती ते ओळखत होती. ते कसं म्हटलं जातं, पायांत काय घालून म्हटलं जातं, सगळं तिला माहीत होतं.

शनिवार, रविवार तिने स्वतःशी वाद घातला. आता तो अभ्यासात नाही, फोन करायला कुणाची आडकाठी नाही. पण काय म्हणून करायचा? चाललात का, असं विचारायला? पुन्हा एक माणूस बूट घालून खुर्चीत बसवायला? आणि रिंग वाजत राहिली, चौदा, पंधरा, वीस, तर? ती आईशी काही बोलली नाही, आणि आईनेही विचारलं नाही. मंगळवारी दुपारी तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या रोग्यांची यादी आणायला जायचं होतं. परतीची बस चार वाजून पाच मिनिटांनी त्याच सिग्नलला अडकली. पुढे काहीतरी बंद पडलं होतं, गाड्यांचे भोंगे चालू होते, ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं. तिने खिडकीतून फुटपाथ पाहिला. शाळेतून सुटलेली मुलं, एक बाई कुत्र्याला घेऊन, कुठेही पांढरे केस नाहीत, इस्त्रीचा शर्ट नाही. चार वाजून सहा मिनिटं. ऑफिसात तिची कुणी वाट पाहत नव्हतं. सव्वाचारला तिला आता काहीच करायचं नव्हतं. हे सगळं तिने स्वतःला नीट समजावलं, आणि मग उठून दार उघडायला लावून बसमधून उतरली.

ती चालायला लागली, आणि दुसऱ्या चौकापासून जवळजवळ पळायला. पर्स खांद्यावरून घसरत होती, यादीची फाइल छातीशी धरलेली, घामाने ब्लाउज पाठीला चिकटलेला. आपण कशासाठी पळतो आहोत हे विचारायला तिच्याजवळ श्वास नव्हता, आणि ते बरंच होतं. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. तिने जिना धरला. दोन जिने चढून ती मागच्या इमारतीच्या पॅसेजमध्ये आली, तेव्हा तिच्या खोलीतला फोन वाजत होता. पहिल्यांदा घाईत नवी चावी लावली, ती लागेना, मग जुनी. किती रिंगा झाल्या तिने मोजल्या नाहीत. तिने रिसीव्हर उचलला आणि तिला बोलताच येईना. नुसता श्वास, आत जाणारा, अडकणारा.

"सिस्टर? मी बोलतोय," मागून चाकाचा घर्रर्र आवाज आला आणि थांबला. "तुम्ही दिलेल्या त्या पत्रकावर लिहिलंय ना, काही त्रास झाला तर या नंबरवर फोन करा. तर त्रास काही नाही."

ती टेबलाचा कोपरा धरून उभी राहिली.

"मी लवकरच आलो आज. तुम्ही असाल की नाही, म्हणून जरा धाकधूक होती," तो म्हणाला. मग थांबला, ऐकत राहिला. "धाप लागलीय तुम्हाला. चालत आलात?"

"हो," ती म्हणाली. "बसचा भरवसा नाही, काका."

"नाहीच," तो म्हणाला. "बसा आधी. बसलात का?"

ती खुर्चीत बसली. समोर स्टॉपवॉच होतं, ते तिने दाबलं नाही.